चोकवरच चालणारी स्प्लेंडर आणि गळणारा कार्बोरेटर

चिपळूणच्या एका वाचकाची अडचण अशी आहे. त्यांच्या वडिलांची १९९९ सालची हिरो होंडा स्प्लेंडर पाच वर्षे पडवीत उभी होती. आता ती किक मारल्यावर सुरू होते, पण चोक ओढलेला असेपर्यंतच चालते. चोक सोडला की दोन-तीन सेकंदांत बंद पडते. शिवाय पेट्रोलचा कॉक उघडा ठेवला की कार्बोरेटरच्या, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागाच्या, खालच्या नळीतून थेंब थेंब पेट्रोल गळते. मेकॅनिकने दोनदा कार्बोरेटर उघडून साफ केला, फरक पडला नाही, आणि आता तो संपूर्ण कार्बोरेटरच बदलायला सांगतो आहे. हे काम घरी करता येईल का आणि साफ करण्यासाठी सर्वांत चांगले द्रावण कोणते, असे त्यांनी विचारले आहे.

गेली चोवीस वर्षे मी कराडजवळ दुचाकी दुरुस्तीचे काम करतो आहे आणि त्यातला मोठा भाग वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या गाड्या पुन्हा रस्त्यावर आणण्याचा आहे. हे काम घरी नक्की करता येते, आणि घाई नसेल तर गॅरेजपेक्षाही चांगले करता येते. कारण बाहेर चार गाड्या खोळंबलेल्या असताना कोणताही मेकॅनिक एका जेटपाशी, म्हणजे पेट्रोल मापून सोडणाऱ्या बारीक छिद्राच्या पितळी तुकड्यापाशी, अर्धा तास बसत नाही. मात्र द्रावण कोणते हा या प्रश्नाचा गाभा नव्हे. पेट्रोल, रॉकेल, थिनर किंवा कार्बोरेटर क्लीनरचा फवारा यांपैकी कशानेही कार्बोरेटर चकचकीत होतो. परंतु स्वच्छ दिसणे वेगळे आणि आतून मोकळा असणे वेगळे. आपला कार्बोरेटर बहुधा दोनदा स्वच्छ झाला आहे, मोकळा मात्र एकदाही झालेला नाही.

आपण सांगितलेली लक्षणे दोन निरनिराळ्या बिघाडांची आहेत आणि ती एकत्र मोजल्यामुळेच गोंधळ झाला असावा. चोक ओढला की हवेची वाट अडते, इंजिनाची ओढ पेट्रोलच्या वाटांवर अधिक पडते आणि मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण वाढते. चोकशिवाय इंजिन टिकत नाही, याचा अर्थ एरवी त्याला पेट्रोल कमी पडते आहे किंवा कुठून तरी जास्तीची हवा मिळते आहे. ॲक्सिलरेटर बंद असताना जे थोडे पेट्रोल लागते ते पायलट जेटमधून येते, म्हणून पहिला संशय त्या जेटवर आणि त्याच्या पुढच्या बारीक वाटांवर घ्यावा. गळतीचा याच्याशी काही संबंध नाही. कार्बोरेटरच्या तळाशी पेट्रोल साठवणारी वाटी असते आणि त्या पेट्रोलवर फ्लोट तरंगतो. फ्लोट वर आल्यावर त्याच्या सुईने पेट्रोलची येण्याची वाट बंद करायची असते. ती नीट बंद होत नाही, म्हणून वाटी भरून पेट्रोल बाहेर पडते. एका बाजूला पेट्रोल ओसंडून वाहते आहे आणि दुसऱ्या बाजूला इंजिन पेट्रोलवाचून मरते आहे, हे ऐकायला विचित्र वाटले तरी पडून राहिलेल्या गाड्यांत मी हेच सर्वाधिक पाहतो.

यातली पायलट जेटची बाजू थोडी खोलात समजून घेण्यासारखी आहे. केहीन या जपानी कार्बोरेटर कंपनीच्या जातीच्या जेटवर कोरलेला आकडा छिद्राचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत सांगतो. म्हणजे ३५ आकड्याच्या जेटचे छिद्र फक्त ०.३५ मिलिमीटरचे असते. पडून राहिलेल्या पेट्रोलमधला हलका भाग उडून जातो आणि उरलेल्या भागाचा हवेशी संयोग होऊन पिवळसर तपकिरी, रोगणासारखा चिकट थर तयार होतो. हा थर छिद्राच्या भिंतीवर चहूबाजूंनी नुसता ०.०५ मिलिमीटर बसला, तरी व्यास ०.३५ वरून ०.२५ वर येतो आणि वाटेचे क्षेत्रफळ जवळजवळ निम्मे होते. असा जेट उजेडासमोर धरला तर त्यातून प्रकाश आरपार दिसतो, आणि पाहणारा समाधानाने म्हणतो की जेट मोकळा आहे. इथेच फसगत होते. प्रकाश दिसणे हा जेट मोकळा असल्याचा पुरावा नाही. छिद्र पूर्ण गोल, कडा धारदार आणि भिंत पितळी झळाळीची दिसली पाहिजे, आणि त्यासाठी घड्याळजी वापरतात तसे भिंग डोळ्याला लावूनच पाहावे.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत. गाडी उभी करताना वाटीत पेट्रोल तसेच राहिले होते की काढून टाकले होते, यावर बरेच ठरते. आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉल हवेतला ओलावा शोषून घेते. कोकणातल्या पाच पावसाळ्यांत टाकीत आणि वाटीत पाणी साठले असण्याची शक्यता मोठी आहे. पाणी पेट्रोलपेक्षा जड असल्यामुळे तळाशी बसते आणि कार्बोरेटरच्या जस्त-ॲल्युमिनियमच्या अंगावर, म्हणजे त्याच्या मुख्य ओतीव भागावर, पांढरा, खडूच्या भुकटीसारखा क्षार चढवते. तपकिरी रोगण द्रावणाने विरघळते. पांढऱ्या क्षाराखाली मात्र धातूच खाल्लेला असतो आणि तो परत येत नाही. आपल्या कार्बोरेटरमध्ये यांपैकी काय आहे हे वाटी उघडल्यावरच कळेल.

तरीही कार्बोरेटर उघडण्याआधी टाकी पाहावी. अनेक वर्षांपूर्वी मी एका शेतकऱ्याच्या गाडीचा कार्बोरेटर दिवसभर बसून साफ केला, गाडी सुरेख सुरू झाली आणि तिसऱ्या दिवशी ते गृहस्थ ती ढकलत परत घेऊन आले. वाटी उघडली तर तळाशी कुंकवाच्या पुडीसारखा गंज साचला होता. टाकी मी पाहिलीच नव्हती. तेव्हापासून पडून राहिलेल्या गाडीत टाकी, कॉक, नळी आणि मग कार्बोरेटर हा क्रम मी मोडत नाही. जुने पेट्रोल सगळे काढावे. ते गटारात किंवा विहिरीजवळ ओतू नये. टॉर्चच्या उजेडात टाकीचा तळ पाहावा. हलका गंज असेल तर कॉक काढून भोक बुचाने बंद करून टाकीत पांढरा व्हिनेगर भरून एक दिवस ठेवावा, बाहेरच्या रंगावर तो सांडू देऊ नये, मग पाण्याने, नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने आणि पुन्हा साध्या पाण्याने धुऊन टाकी उन्हात पूर्ण कोरडी करावी व शेवटी थोड्या ताज्या पेट्रोलने खळबळावी. गंजाच्या पापड्या सुटत असतील तर आत जुन्या चेनचा तुकडा टाकून हलवावी आणि तुकडा आठवणीने बाहेर काढावा. कॉकची जाळी साफ करून तो परत बसवल्यावर नळी एका बाटलीत सोडून कॉक उघडावा. धार सलग पडली पाहिजे. काही मिनिटांनी धार बारीक होत गेली आणि टाकीचे झाकण उघडताच पुन्हा वाढली, तर झाकणातले हवेचे भोक बुजलेले आहे.

इंजिन ऑइलची काडीही एकदा वास घेऊन पाहावी. गळणारे पेट्रोल नेहमी नळीतूनच बाहेर पडेल असे नाही. ओव्हरफ्लोची वाट तुंबली असेल तर ते इनलेटमधून इंजिनात उतरू शकते. ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल किंवा पातळी वाढलेली असेल तर ऑइल बदलल्याशिवाय किक मारू नये. पातळ झालेल्या ऑइलवर इंजिन चालवले तर कार्बोरेटरच्या खर्चाच्या अनेक पट नुकसान होते.

आता प्रत्यक्ष काम. जागा उघडी आणि वारा खेळता असलेली हवी. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते आणि दूरच्या ज्योतीपर्यंत पोहोचते; म्हणून जवळपास देवापुढचा दिवा, गॅसची शेगडी किंवा पाणी तापवायचा बंब पेटलेला नसावा. डोळ्यांवर चष्मा हवाच, आणि हे मी औपचारिकता म्हणून लिहीत नाही. कार्बोरेटरच्या अंगातल्या वाटा आतून एकमेकींना जोडलेल्या असतात, त्यामुळे एका भोकात फवारा मारला की तो भलत्याच भोकातून पिचकारीसारखा थेट तोंडावर येतो. माझ्या डोळ्यात एकदा असा फवारा गेला आहे आणि त्या दिवशी मला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावे लागले.

कार्बोरेटर उतरवताना प्रत्येक टप्प्याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवावा. वाटीचे स्क्रू वर्षानुवर्षे न हललेले असतात आणि त्यांची डोकी मऊ असतात. हे स्क्रू जपानी मानकाचे असतात. बाजारातला साधा फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर त्यात बसल्यासारखा वाटतो, पण जोर लावला की वर उचलला जातो आणि डोके गोल करून ठेवतो. जपानी मानकाचा ड्रायव्हर मिळाला तर उत्तम, नाहीतर खाचेत घट्ट बसेल असा योग्य मापाचा ड्रायव्हर घ्यावा, स्क्रूभोवती गंज सोडवणारे तेल सोडून रात्रभर ठेवावे, सकाळी ड्रायव्हर खाचेत उभा धरून मागून हातोडीचे दोन हलके ठोके द्यावेत आणि मगच फिरवावे. ठोक्याने आटे सुटतात. निव्वळ मनगटाच्या जोराने डोके जाते, आणि मग ड्रिलची पाळी येते.

वाटी निघाली की आधी काहीही पुसू नये. तळाशी काय साचले आहे ते नीट पाहावे, कारण ती वाटी मागच्या पाच वर्षांची हकिगत सांगत असते. लाल भुकटी टाकीकडे बोट दाखवते, पांढरा थर पाण्याकडे, आणि आंबट वासाचा तपकिरी डिंक शिळ्या पेट्रोलकडे. त्यानंतर फ्लोटची आडवी पिन काढायची असते आणि माझ्या मते सगळ्या कामातली ही सर्वांत नाजूक जागा आहे. ही पिन दोन छोट्या खांबांमध्ये बसलेली असते, आणि ते खांब कार्बोरेटरच्या अंगाचाच ओतीव भाग असतात. पिन अडकलेली असताना ठोकली की खांब कडकन मोडतो आणि कार्बोरेटर तिथेच संपतो. शिकाऊ असताना मी एक असा मोडला आहे. पिन एकाच बाजूने निघते की काय ते आधी निरखावे, तेल सोडावे, अंग गरम पाण्यात धरून थोडे तापवावे, आणि ज्या खांबातून पिन सरकवायची त्याला मागून बोटाचा किंवा लाकडाचा आधार देऊन बारीक खिळ्याच्या बोथट टोकाने ती हळूच ढकलावी.

मिश्रणाचा, म्हणजे हवा-पेट्रोलचे प्रमाण ठरवणारा, स्क्रू काढण्याआधी तो हलकेच टेकेपर्यंत आत फिरवून किती फेरे होतात ते मोजून लिहून ठेवावे. टेकला की थांबावे. जोराने आवळला तर सुईचे टोक आपल्या बैठकीत रुतते आणि पुढे कितीही सेटिंग केले तरी आयडलिंग, म्हणजे ॲक्सिलरेटर न देता इंजिनाचे चालणे, स्थिर होत नाही. स्क्रूसोबत बारीक स्प्रिंग, वॉशर आणि ओ-रिंग (रबरी कडे) असू शकते. ओ-रिंग बऱ्याचदा भोकातच चिकटून राहते, आणि ती आत असताना मारलेला फवारा तिला फुगवून तीच वाट बंद करतो.

द्रावणाबद्दल आता थोडक्यात. कार्बोरेटर क्लीनरचा फवारा चांगला, तो नसेल तर थिनरमध्ये सुटे धातूचे भाग रात्रभर बुडवून ठेवावेत. रबर, प्लास्टिकचा फ्लोट आणि ओ-रिंगा मात्र त्यापासून दूर ठेवाव्यात. टॉयलेट साफ करायचे ॲसिड किंवा कॉस्टिक सोडा यांना हातही लावू नये; कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियमला अक्षरशः खातो आणि ॲसिड जस्ताच्या अंगाची तीच गत करते. लिंबाच्या पाण्यात उकळण्याचा उपाय बराच सुचवला जातो. त्याने वरचा क्षार जातो हे खरे, पण तो रोगण काढत नाही आणि जास्त वेळ ठेवले तर अंग काळे पडते, म्हणून मी तो वापरत नाही. मला सर्वांत खात्रीचे वाटते ते अल्ट्रासॉनिक यंत्र. दागिने धुण्यासाठी अनेक सराफांकडे ते असते. ओळखीच्या सराफाने परवानगी दिली, तर पेट्रोलचा अंशही नसलेले, आधी धुतलेले अंग आणि जेट गरम पाणी व भांडी घासायच्या द्रवात त्यात वीस मिनिटे ठेवावेत. त्या यंत्रात थिनर किंवा पेट्रोल कधीही घालू नये.

जेट साफ करण्यासाठी टाचणी, शिवणाची सुई किंवा सायकलच्या ब्रेकच्या तारेचा तंतू वापरला जातो आणि बहुतेक जेट तिथेच बिघडतात. जेट पितळेचा असतो, ही सगळी हत्यारे पोलादाची. ०.३५ मिलिमीटरच्या छिद्रावर पोलादाने ओढलेला ओरखडा कायमचा राहतो आणि पेट्रोलचे माप बदलतो. लवचिक विजेच्या वायरीतला तांब्याचा एकच बारीक तंतू घ्यावा. तो पितळेपेक्षा मऊ असतो. जेट आधी द्रावणात भिजू द्यावा, मग तंतू आरपार घालून चहूबाजूंनी हलक्या हाताने फिरवावा, पुन्हा भिजवावा, पुन्हा फिरवावा. काही कार्बोरेटरांत पायलट जेट दाबून बसवलेला असतो आणि तो निघतच नाही. त्याला पक्कडने ओढू नये, जागेवरच भिजवून साफ करावा. पायलट जेटच्या कडेला असलेली हवेची बारीक आडवी छिद्रे आणि मेन जेटच्या वरच्या नळीची छिद्रेही त्याच तंतूने एकेक करून मोकळी करावीत. ही छिद्रे बहुतेकांच्या नजरेतून सुटतात.

जेट निघाले, साफ झाले, तरी काम निम्मेच झालेले असते, कारण पायलट जेटच्या पुढे अंगात कोरलेली वाट थ्रॉटलच्या सरकत्या पिस्टनजवळ (ॲक्सिलरेटरने वर-खाली होणारा कार्बोरेटरमधला भाग, इंजिनाचा पिस्टन नव्हे) एका किंवा दोन टाचणीएवढ्या भोकांत उघडते. आपल्या गाडीत हीच भोके तुंबलेली असतील असे मला लक्षणांवरून वाटते. तपासण्याची माझी रीत अशी: जिथे पायलट जेट बसतो त्या भोकात फवाऱ्याची बारीक नळी घट्ट धरावी, दुसऱ्या हाताच्या बोटाने मिश्रणाच्या स्क्रूचे भोक दाबावे आणि घशातल्या, म्हणजे हवा जाण्याच्या मुख्य वाटेतल्या, भोकातून धार निघते का ते पाहावे. मग बोट काढून स्क्रूच्या भोकातून धार येते का ते पाहावे. प्रत्येक वाटेचे एक तोंड आणि दुसरे तोंड असे दोन्ही सापडेपर्यंत हे करत राहावे, आणि कोणती वाट कोणत्या भोकाला जाते याचा कागदावर कच्चा नकाशा काढावा. हवा मारण्यासाठी सायकलचा पायपंप पुरतो. त्याने भागले नाही तर पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर अधिक परिणामकारक, मात्र फ्लोट आणि सुई आत असताना तो लावू नये. ज्या भोकाचे दुसरे तोंड सापडत नाही ते मोकळे झालेले नाही, असेच धरावे.

गळतीकडे वळू. सुई काढून तिच्या शंकूच्या टोकावर भिंगातून पाहावे. टोकाभोवती अंगठीसारखी चर पडलेली दिसली किंवा रबरी टोक कडक झालेले असले तर सुई बदलावी. तिची बैठक मात्र बऱ्याच गाड्यांत बदलता येत नाही, म्हणून कान साफ करायच्या काडीच्या कापसावर किंचित धातूचे पॉलिश घेऊन ती बैठक हलक्या हाताने फिरवून चकचकीत करावी आणि नंतर नीट धुवावी. फ्लोट कानाशी धरून हलवावा. आत पेट्रोल शिरले असेल तर खळखळ ऐकू येते. पोकळ फ्लोट गरम पाण्यात बुडवला की चीर असलेल्या जागी बुडबुडे निघतात. जोडणीनंतर वाटी लावण्यापूर्वी एक चाचणी जरूर करावी: पेट्रोल येण्याच्या तोंडाला स्वच्छ, नवी नळी लावून कार्बोरेटर उलटा धरावा, म्हणजे फ्लोटच्या वजनाने सुई बंद होते, आणि नळीतून तोंडाने हळू फुंकावे. हवा जाता कामा नये. फ्लोट बोटाने उचलला की गेली पाहिजे.

ही चाचणी उत्तीर्ण होऊनही पेट्रोल गळत राहते, असा एक प्रकार आहे आणि त्यानेच अनेक चांगले कार्बोरेटर भंगारात गेले आहेत. वाटीच्या आत ओव्हरफ्लोची एक उभी पितळी नळी असते. वाटीत पाणी गोठल्याने, कंपनाने किंवा कुणी पक्कड लावल्याने तिला उभी केसासारखी चीर पडते आणि पेट्रोलची पातळी अगदी योग्य असतानाही ते त्या चिरेतून खाली उतरत राहते. सुई बदलली, फ्लोट बदलला, तरी गळती तशीच. आपल्याकडे गोठण्याचा प्रश्न नाही, बाकीची दोन कारणे मात्र आहेत. ज्या वाटीत अशी नळी असेल ती सुटी करून कोरड्या वर्तमानपत्रावर ठेवावी, नळीच्या टोकाखाली येईल इतके पेट्रोल भरावे आणि दहा मिनिटांनी कागद पाहावा. कागद ओला झाला तर दोष सापडला. अशा वेळी फक्त वाटी बदलली तरी पुरते.

रिपेअर किट घ्यावे का? गॅस्केट, ओ-रिंगा आणि सुई यांसाठी अवश्य घ्यावे. किटमधले जेट मात्र मी शक्य तोवर वापरत नाही. स्वस्त किटांमधल्या जेटवर आकडा बरोबर कोरलेला असला तरी छिद्र त्या मापाचे असेलच असे नाही, आणि मूळ जेट बहुतेक वेळा नुसता मळलेला असतो, झिजलेला नसतो. त्याच न्यायाने, संपूर्ण कार्बोरेटर बदलण्याचा सल्ला मला इथे पटत नाही. सरकता पिस्टन घशात खडखड हलतो इतका झिजला असेल, सुईची बैठक क्षाराने खाल्ली असेल किंवा फ्लोटचा खांब मोडला असेल, तरच तो सल्ला योग्य. वडिलांच्या गाडीचा मूळ कार्बोरेटर आणि बाजारातली सर्वांत स्वस्त नक्कल यांत निवड असेल तर मी मूळ कार्बोरेटरवर दोन दिवस जास्त घालवीन.

आतापर्यंतचे थोडक्यात सांगायचे तर, आधी टाकी आणि ऑइल, मग पायलटच्या वाटा दोन्ही तोंडांनी सिद्ध करणे, आणि गळतीसाठी सुई, फ्लोट व वाटीतली नळी यांची वेगवेगळी परीक्षा. पल्सरसारख्या गाड्यांच्या व्हॅक्यूमवर चालणाऱ्या कार्बोरेटरला हेच लागू आहे, फक्त त्यात वरच्या टोपीखाली एक पातळ रबरी पडदा असतो. त्याला क्लीनर लागू देऊ नये, आणि उजेडासमोर धरून त्यात बारीक भोक नाही ना, हे पाहावे.

जोडताना पिस्टनचा कापलेला भाग एअर फिल्टरच्या दिशेला यायला हवा आणि त्याच्या कडेची खाच अंगातल्या खुंटीवर बसायला हवी. उलटा घातला तर तो पूर्ण खाली येत नाही, आणि इंजिन सुरू होताच एकदम मोठ्याने ओरडू लागते. म्हणून इंजिन सुरू करण्याआधी ॲक्सिलरेटर पूर्ण फिरवून सोडावा. पिस्टन खाली आपटल्याचा स्पष्ट टक् असा आवाज आला पाहिजे, हँडल डावीकडे व उजवीकडे वळवूनही. पिस्टनमधल्या लांब सुईची क्लिप ज्या खाचेत होती त्याच खाचेत ठेवावी. क्लिप वरच्या खाचेत नेली की सुई खाली बसते आणि मधल्या वेगात पेट्रोल कमी होते, खाली आणली की वाढते. पण कार्बोरेटर मूळचा असेल तर हे बदलण्याचे कारण पडत नाही.

कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामध्ये एक जाड इन्सुलेटर असतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना ओ-रिंग किंवा गॅस्केट. पाच वर्षांत ही रबरे दगडासारखी होतात आणि तिथून हवा आत ओढली जाते. चोकवरच चालणाऱ्या गाडीत पायलट जेटनंतर माझा दुसरा संशय इथेच असतो, म्हणून त्या ओ-रिंगा न विचारता बदलाव्यात. इंजिन चालू झाल्यावर सांध्यावर साबणाच्या पाण्याचे थेंब सोडावेत. आवाज बदलला किंवा पाणी आत ओढले गेले तर तिथून हवा जाते आहे. तापलेल्या इंजिनावर क्लीनर किंवा पेट्रोल मारून ही परीक्षा करणारे आहेत, तसे कृपया करू नये.

पेट्रोलची पातळी पाहण्यासाठी वाटीच्या ड्रेनच्या तोंडाला पारदर्शक नळी लावून ती वाटीच्या कडेने उभी धरावी आणि ड्रेनचा स्क्रू सैल करावा. नळीतली पातळी वाटी आणि अंग यांच्या सांध्याच्या किंचित खाली स्थिर राहिली की फ्लोटचे काम बरोबर आहे. त्यानंतर मिश्रणाचा स्क्रू लिहून ठेवलेल्या फेऱ्यांवर आणावा आणि गाडी दहा-पंधरा मिनिटे चालवून इंजिन पूर्ण तापू द्यावे. थंड इंजिनावर केलेले सेटिंग टिकत नाही.

हा स्क्रू कुठे आहे यावर त्याची दिशा ठरते. तो पिस्टनच्या एअर फिल्टरकडच्या बाजूला असेल तर तो हवेचा स्क्रू, आत फिरवला की पेट्रोलचे प्रमाण वाढते. इंजिनाकडच्या बाजूला असेल तर तो पेट्रोलचा, आणि बाहेर काढला की प्रमाण वाढते. आयडलिंगचा स्क्रू थोडा वाढवून ठेवावा, मिश्रणाचा स्क्रू पाव-पाव फेरा फिरवत प्रत्येक वेळी काही सेकंद थांबावे आणि इंजिन जिथे सर्वांत चढ्या व सर्वांत एकसारख्या आवाजात चालते ती जागा शोधावी. मग आयडलिंग खाली आणावे. या गाडीसाठी मिनिटाला १४०० फेऱ्यांच्या आसपास. टॅकोमीटर नसल्यामुळे हे कानानेच करायचे असते, पण एकसारखी चालणारी स्प्लेंडर ऐकलेल्या माणसाला तो आवाज ओळखता येतो. स्क्रू कितीही फिरवला तरी आवाजात काहीच फरक पडत नसेल, तर पायलटची वाट अजून बंद आहे. सेटिंगच्या मागे न लागता कार्बोरेटर पुन्हा उतरवावा. सगळ्या वाटा सिद्ध असूनही आयडलिंग मिळत नसेल तर टॅपेट, म्हणजे इंजिनाच्या व्हॉल्व्हजवळची फट, तपासून घ्यावेत. ते घट्ट असले की हुबेहूब कार्बोरेटरसारखीच लक्षणे दिसतात.

गाडी सुरळीत झाल्यावर शे-दोनशे किलोमीटरनंतर स्पार्क प्लग काढून पाहावा. टोकाचा पांढरा भाग फिक्या तपकिरी रंगाचा दिसला तर मिश्रण योग्य, खडूसारखा पांढराशुभ्र असेल तर पेट्रोल कमी, कोरडी काळी काजळी असेल तर जास्त. त्याच वेळी एका काचेच्या पेल्यात ड्रेनमधून वाटीतले पेट्रोल सोडून उन्हात धरावे. तळाशी लाल कण दिसले तर टाकीचे काम राहिले आहे, पाण्याचा वेगळा थेंब दिसला तर टाकी पूर्ण वाळली नव्हती. आणि पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी राहणार असेल, तर कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवावे व ड्रेनचा स्क्रू उघडून वाटीत उरलेले चार थेंबही काढून टाकावेत. पायलट जेटमध्ये रोगण धरायला तेवढेच पुरेसे असतात.